रात्रीचा माणूस आणि पांघरुणातला मोबाईल

बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांत रात्री अकराच्या पुढे मागांची खटखट कमी होत जाते, दुकानांची शटरं ओढली जातात, आणि मग कितीतरी घरांत एकच संवाद सुरू होतो.

"झोपलास काय नाही रे अजून?"

"झोपालोय की, आई."

पांघरुणातला निळसर उजेड मात्र तसाच. बाराला पाच कमी असताना दिवसाचा उरलेला डेटा संपवायचा. बाराच्या ठोक्याला नवा दीड जीबी सुरू होतो, म्हणजे थांबायला कारणच उरत नाही. सकाळी सहाला तोच मुलगा चार हाकांना ओ देत नाही, सातला कसंबसं तोंड धुतो, पोहे अर्धे टाकून बस गाठतो. घरात निकाल लागतो: याला मोबाईलचं व्यसन लागलंय.

हा निकाल घाईचा आहे. त्यावर जे उपाय होतात, म्हणजे मोबाईल हिसकावून घेणं, रात्री साडेनऊला दिवा मालवून सक्तीने झोपवणं, पहाटे पाचला तोंडावर पाणी मारून उठवणं, त्यातले बरेचसे उलटे पडतात. का, ते कळायला आधी शरीराचं घड्याळ समजून घ्यावं लागतं.

मेंदूच्या तळाशी, दोन डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक जोडगठ्ठा आहे. झोप कधी यावी, अंगाचं तापमान कधी उतरावं, झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं मेलाटोनिन हे संप्रेरक कधी सुटावं हे तो ठरवतो. त्याची स्वतःची फेरी बरोबर चोवीस तासांची नसते. १९९९ साली हार्वर्डच्या संशोधकांनी ती सरासरी २४ तास ११ मिनिटांची असल्याचं मोजलं. म्हणजे घड्याळ रोज थोडं मागे पडतं, आणि रोज सकाळच्या उजेडाने ते पुन्हा लावावं लागतं. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं हे उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

सगळ्यांची घड्याळं एका ठेक्यात चालत नाहीत. काही माणसं पहाटेची, काही रात्रीची, आणि बहुतेक मधली. ही ठेवण उंचीसारखी काही अंशी वारशाने येते आणि वयाबरोबर सरकते. लहान पोरं भल्या सकाळी टुणकन उठतात. वयात येताना घड्याळ उशिराकडे सरकायला लागतं, साधारण विसाव्या वर्षी सर्वांत उशिरावर पोचतं आणि मग हळूहळू परत फिरतं. शरीराच्या घड्याळाचे अभ्यासक टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे दाखवलं. मुलींमध्ये हे वळण मुलांपेक्षा जरा आधी येतं. आता घरातलं चित्र बघा. मुलगा अठरा-वीसचा, वडील पन्नाशीला टेकलेले. मुलाचं घड्याळ सर्वांत मागे, वडिलांचं पुढे सरकत चाललेलं. दोघांत दोन तासांचा फरक असणं यात नवल नाही, पण घरात त्याला 'आळस' आणि 'शिस्त' अशी दोन नावं पडतात.

त्यात आपल्या भागाची एक खास अडचण आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून धरलेली आहे आणि बेळगाव ७४.५ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य भिंतीवरच्या घड्याळापेक्षा ३२ मिनिटं मागे चालतो. जानेवारीत इथे सात वाजता सूर्य उगवतो. तेव्हा सहाचा गजर लावणं म्हणजे अंधारात उठणं, आणि अंधारात उठल्याने घड्याळ पुढे येत नाही, फक्त झोप तुटते. खानापूरच्या बाजूच्या गावांतून पहिल्या बसने कॉलेजला येणाऱ्या पोरापोरींचा हिवाळा असाच जातो.

आता मोबाईल.

रात्रीच्या माणसांमध्ये मोबाईलच्या आहारी जाण्याचं प्रमाण जास्त दिसतं, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. जर्मनीत ख्रिस्टोफ रँडलर आणि सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलामुलींवर केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात माणूस पहाटेचा की रात्रीचा, ही बाब मोबाईलच्या ओढीचा अंदाज देण्यात वय आणि झोपेचे तास यांच्यापेक्षाही मोठी ठरली. अशा अभ्यासांत दोन गोष्टी सोबत असतात एवढंच दिसतं. कोण कुणामुळे, ते त्यांतून ठरत नाही. माझ्या मते दोन्ही बाजूंनी ओढ आहे, आणि गाठ बसते ती अशी.

रात्रीच्या माणसाला दहाला झोप येत नाही. घर झोपलेलं, दिवे मालवलेले, बोलायला कुणी नाही, बाहेर जाता येत नाही. दहा ते एक हे तीन तास त्याच्याकडे मोकळे पडलेले असतात आणि त्या तासांत उघडं असलेलं एकमेव दुकान म्हणजे मोबाईल. पहाटेच्या माणसाचे मोकळे तास पाच ते सात. तेव्हा दूध आणायचं असतं, अंगण झाडायचं असतं, व्हॉट्सॲपवर सुप्रभातच्या फुलांपलीकडे काही हालचाल नसते. म्हणजे पहाटेच्या माणसाचा संयम मोठा असतो असं नाही. त्याच्या मोकळ्या वेळात मोह कमी असतो. वर दिवसभर थकलेल्या मनाची 'आता पुरे' म्हणायची ताकद रात्री सर्वांत कमी राहते, तेही रात्रीच्या माणसाच्या वाट्याला.

दुसरा धागा उजेडाचा. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी बघण्यासाठी नसतातच, उजेड किती आहे एवढंच त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. निळ्या उजेडाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. रात्री उजेड पडला की घड्याळ समजतं, अजून दिवस आहे, आणि स्वतःला मागे ढकलतं. पण इथे मोबाईलला आहे त्याहून मोठा गुन्हेगार ठरवू नये. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा जणांना झोपण्यापूर्वी चार तास, सलग पाच रात्री, टॅबलेटवर पुस्तक वाचायला दिलं आणि मग छापील पुस्तकाशी तुलना केली. मेलाटोनिन निम्म्याहून अधिक दबलं, घड्याळ सुमारे दीड तास मागे गेलं, पण झोप लागायला उशीर झाला तो फक्त दहा मिनिटांचा. चार तास, पूर्ण उजेडात, एवढं करून दहा मिनिटं! रात्री एकपर्यंत जागवतो तो पडद्याचा उजेड कमी आणि पडद्यावरचा मजकूर जास्त. म्हणून नाईट मोड लावून पडदा पिवळा केला की काम झालं, असं समजणाऱ्यांची फसगत होते. पिवळ्या पडद्यावरसुद्धा पुढचा रील येतोच.

उजेडाचा परिणाम माणसागणिक फार वेगळा असतो, हेही लक्षात ठेवा. २०१९ च्या एका अभ्यासात मेलाटोनिन निम्म्याने दबायला लागणारा उजेड सरासरी २५ लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपास निघाला, म्हणजे बैठकीच्या खोलीतल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी कमी. आणि सर्वांत संवेदनशील व सर्वांत कमी संवेदनशील माणसांत पन्नास पटींहून अधिक फरक होता. एकाच घरातली धाकटी रात्री अकरापर्यंत टीव्हीसमोर बसून पाठ टेकताच झोपते आणि थोरल्याची मात्र झोप उडते, याचं एक कारण इथे आहे. "तिला होत नाही, तुलाच कसं होतं?" या प्रश्नात काही अर्थ नाही.

तिसरा धागा दिवसाचा. साडेपाच तास झोपून उठलेलं डोकं जड असतं. वर्गात, कामाच्या मध्येच, जेवताना हात आपोआप खिशात जातो, कारण दर वीस सेकंदांना काहीतरी नवं दाखवणारी वस्तू जागं ठेवायला चहासारखी उपयोगी पडते. संध्याकाळी सहाला खरा चहा होतो, कट्ट्यावर, मित्रांबरोबर. चहा-कॉफीतलं कॅफिन अंगातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात फिरत असतं. मग पुन्हा झोप नाही, पुन्हा मोबाईल.

घड्याळ की व्यसन, ओळखायचं कसं

निपाणी-चिकोडीकडे तंबाखूचं व्यसन कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्याला खरी तलफ आहे त्याला ती उठल्याउठल्या लागते, जेवण झाल्यावर लागते, पंगतीतून उठून बाहेर जावं लागतं इतकी लागते. तलफ वेळ बघत नाही. मोबाईलचंही तेच आहे. रात्री दहा ते एक हातात मोबाईल, पण दिवसा क्रिकेट, शेतातलं काम, मित्र, अभ्यास यांत तो विसरला जातो, तर प्रश्न मुख्यतः घड्याळाचा आहे. डोळे उघडण्याआधी उशाखाली हात, न्हाणीघरात मोबाईल, जेवताना मोबाईल, काढून घेतला तर संताप किंवा थरथर, आणि मार्क, नोकरी, नाती बिघडत असूनही थांबता न येणं, असं असेल तर ती तलफ आहे. रात्रीची जागरणं हा तिचा एक भाग एवढंच.

मोजायचंच असेल तर साधनं आहेत. झोपेच्या ठेवणीसाठी हॉर्न आणि ओस्टबर्ग यांची १९७६ ची प्रश्नावली आजही वापरतात: १९ प्रश्न, गुण १६ ते ८६. ५९ किंवा जास्त म्हणजे पहाटेचा, ४१ किंवा कमी म्हणजे रात्रीचा, अधलेमधले मधले. मोबाईलसाठी कोरियात २०१३ साली तयार झालेली दहा विधानांची छोटी चाचणी आहे. प्रत्येक विधानाला १ ते ६ गुण, मुलग्यांमध्ये ३१ च्या वर आणि मुलींमध्ये ३३ च्या वर गेलं तर जास्त चौकशी करावी. हा आजाराचा दाखला नव्हे, चाळणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गेम खेळण्याचा विकार आहे. 'मोबाईलचं व्यसन' असा स्वतंत्र आजार तिथे नाही. गेमच्या विकारालाही ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या वर गेमला जागा मिळणं आणि नुकसान होऊनही चालूच राहणं, हे सहसा बारा महिने दिसावं लागतं. परीक्षेनंतरच्या सुट्टीत महिनाभर गेम खेळणाऱ्या पोराला त्या यादीत बसवू नका.

पण खरं काम चौदा दिवसांची वही करते. चौकोनी रेघांच्या वहीत रोज आठ रकाने: अंथरुणावर कधी पडलो, मोबाईल कधी ठेवला, दिवा कधी मालवला, झोप अंदाजे कधी लागली, जाग कधी आली, गजराने की आपोआप, दुपारी झोपलो का, शेवटचा चहा कधी. सकाळी लिहायचं, रात्री घड्याळ बघत बसायचं नाही. पहिल्या दोन रकान्यांतला फरक आधी बघा. तो फरक हीच मोबाईलने खाल्लेली झोप.

मग हिशेब. समजा, कामाच्या दिवशी रात्री १ ला झोप लागते आणि सकाळी ६:३० ला उठावं लागतं. झोप साडेपाच तास, झोपेचा मध्य ३:४५. रविवारी २ ला झोप आणि १०:३० ला आपोआप जाग. झोप साडेआठ तास, मध्य ६:१५. दोन मध्यांतला फरक अडीच तास. रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली याला 'सोशल जेटलॅग' म्हटलं, विमानात न बसता दर रविवारी अडीच तास पश्चिमेला जाऊन सोमवारी परत यावं तसं. पण रविवारच्या झोपेत आठवड्याची थकबाकीही वसूल झालेली असते, ती वजा करायला हवी. सहा दिवस साडेपाच आणि एक दिवस साडेआठ, म्हणजे आठवड्याची सरासरी ५.९ तास. रविवारच्या ८.५ मधून ती काढली की उरतात २.६ तास, त्याचं निम्मं १.३. ६:१५ मधून सव्वा तास काढला की मध्य येतो पाचच्या सुमारास. हा या माणसाचा खरा मध्य. शनिवार सुट्टीचा असेल तर सहा-एकऐवजी पाच-दोन धरा.

या हिशेबात एक खोट आहे, आणि ती सहसा कुणी सांगत नाही. रविवारची रात्र मोबाईलने जागवलेली असेल तर आकडा घड्याळाचा नसून मोबाईलचा येतो. खरं घड्याळ बघायचं तर दहा-बारा दिवस रात्री नऊनंतर पडदा पूर्ण बंद, दिवे मंद, सकाळी गजर नाही. आजोळी, गावाकडे, उन्हाळ्याच्या सुट्टीत हे जमतं. २०१३ साली अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये आठ जणांना एक आठवडा तंबूत ठेवलं होतं, विजेचा दिवा नाही, मोबाईल नाही. सगळ्यांची घड्याळं सरासरी दोन तास पुढे आली आणि रात्रीच्या माणसांची सर्वांत जास्त. म्हणजे आपण ज्याला 'रात्रीचा माणूस' म्हणतो त्यातला बराच भाग दिव्यांनी घडवलेला असतो. उरतो तो अस्सल.

उपायाचा क्रम

क्रम चुकला की सगळं चुकतं. बहुतेक घरं रात्रीपासून सुरुवात करतात. सुरुवात सकाळपासून करायची.

अंगाचं तापमान सर्वांत कमी असतं ते आपोआप जाग येण्याच्या साधारण दोन तास आधी. या क्षणानंतर डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ पुढे आणतो. त्याआधी पडलेला उजेड घड्याळ मागे ढकलतो. सगळी मेख इथे आहे. ज्याला दहाला आपोआप जाग येते त्याचा तो क्षण आठच्या आसपास असतो. त्याला पहाटे पाचला उठवून झगझगीत दिव्याखाली अभ्यासाला बसवलं तर शरीर तो उजेड रात्रीचाच धरतं आणि घड्याळ आणखी मागे जातं. आठवडाभर पाचला उठवूनही रात्री एकच्या आधी झोप येत नाही, घरचे म्हणतात हा ऐकतच नाही. ऐकत नाही ते त्याचं घड्याळ.

म्हणून जिथे आहे तिथून सुरू करा. आपोआप जाग नऊला येत असेल तर पहिले तीन दिवस पावणेनऊ, पुढचे तीन दिवस साडेआठ, असं दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं. घाई झाली तर वीस. त्याहून जास्त नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत घराबाहेर उजेडात अर्धा तास. खिडकीजवळ बसणं चालत नाही. घरातला उजेड शंभर ते तीनशे लक्स, कौलारू घराच्या माजघरात त्याहूनही कमी. बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा काही हजार लक्स असतो आणि उन्हात पन्नास हजारांच्या पुढे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही, तेव्हा लोक म्हणतात ऊनच नाही तर बाहेर जाऊन काय उपयोग. उपयोग आहे. छत्री घेऊन कोपऱ्यापर्यंत भाजी आणायला गेलं तरी घरातल्या दिव्याच्या दहा-वीस पट उजेड डोळ्यांना मिळतो, पावसात मात्र अर्ध्याऐवजी पाऊण तास ठेवा. काळा गॉगल नको. त्या अर्ध्या तासात मोबाईल खिशात असला तरी चालेल, बाहेर काढायचा नाही.

ज्याचं कॉलेज किंवा नोकरी सकाळची आहे त्याला हे पंधरा-पंधरा मिनिटांचं गणित करता येत नाही, गजर साडेसहाचाच. त्याच्या हातात रविवार आहे. रविवारी साडेसातच्या पुढे झोपायचं नाही, म्हणजे रोजच्यापेक्षा एक तासच जास्त. थकबाकी राहिली तर दुपारी तीनच्या आत वीस मिनिटांची डुलकी, गजर लावून. दोन तासांची रविवारची दुपारची झोप, मटणानंतरची, ही रात्रीच्या माणसाची सर्वांत महाग झोप आहे.

सकाळ बसली की मग संध्याकाळ. शेवटचा चहा चारच्या आत. नऊनंतर ट्यूबलाइट बंद, कमी वॅटचा पिवळा दिवा. अभ्यास असेल तर टेबलावरचा दिवा वहीवर, डोळ्यांवर नाही. झोपायची वेळ अजून हलवायची नाही! ही चूक सर्वांत जास्त होते. झोप येण्याआधीचे दोन-तीन तास शरीर सर्वांत टक्क जागं असतं, हा त्या घड्याळाचाच भाग आहे. ज्याला एकला झोप येते त्याला साडेदहाला अंथरुणात घातलं तर तो अडीच तास कूस बदलतो, मनात नको नको ते येतं, आणि शेवटी उशाखालचा मोबाईल काढतो. त्याला अंथरूण म्हणजे जागरणाची जागा अशी सवय लागते. जाग पुढे आली की आठ-दहा दिवसांत झोपही मागोमाग पुढे येते, मग अंथरूण पंधरा मिनिटं आधी.

मोबाईलची पाळी शेवटी येते. तो काढून घ्यायचा नाही, त्याची जागा बदलायची. चार्जर स्वयंपाकघरात किंवा बाहेरच्या खोलीत, रात्री दहाला घरातले सगळे मोबाईल तिथे, वडिलांचासुद्धा. वडील अंथरुणात व्हिडिओ बघत मुलाला ठेव म्हणाले तर ते एक दिवस टिकतं. "गजर मोबाईलवर आहे" ही सबब पहिल्याच रात्री येणार, म्हणून आधीच घंटेचं साधं टेबलावरचं घड्याळ आणून ठेवा आणि ते अंथरुणापासून चार पावलं लांब ठेवा. "नोट्स ग्रुपवर येतात" ही दुसरी. नऊच्या आत हव्या त्या पानांची झेरॉक्स किंवा वहीत उतरवून घ्यायचं, नऊनंतर आलेल्या नोट्स सकाळी. "कुणाचा अर्जंट फोन आला तर?" ही तिसरी. एक मोबाईल पूर्ण आवाजावर, बाहेरच्या खोलीत.

मोबाईलमधले उपाय दुय्यम आहेत. झोपेचा मोड लावला की पडदा काळा-पांढरा होतो, त्याने रील्सची गोडी कमी होते. व्हिडिओ आपोआप पुढे चालणं बंद करा. ॲपला वेळेची मर्यादा घालता येते, पण ती एका टिचकीत उठवता येते आणि रात्री बाराला ती टिचकी हमखास मारली जाते. भिंतीपलीकडचा मोबाईल मर्यादेपेक्षा भारी.

आणि रिकामे पडलेले ते दोन-तीन तास भरायला काहीतरी हवं. हे विसरलं तर चौथ्या दिवशी मोबाईल परत येतो. दहाला झोप न येणारा जागा मुलगा आणि रिकामे हात, हे चालत नाही. उद्याचं दप्तर, कपड्यांना इस्त्री, सायकलची साखळी पुसणं, कागदावरचं पुस्तक, भावंडांबरोबर मंद दिव्यात कॅरम. ऐकायला गाणी किंवा गोष्टी चालतील, पण पडदा बंद आणि तीस मिनिटांनी आपोआप थांबेल अशा. स्पीकर खोलीत, मोबाईल बाहेर.

इथल्याच दोन सणांत हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडतं. गणपतीत बेळगाव रात्रीचं असतं. देखावे बघत एक-दोन वाजतात, विसर्जनाची मिरवणूक तर रात्र ओलांडून दुसऱ्या दिवसावर जाते. पंधरवड्याभरात सगळ्या शहराचं घड्याळ मागे सरकलेलं असतं. मध्ये पितृपंधरवडा, आणि मग घटस्थापना. त्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत दुर्गामाता दौडीला तीच पोरं पहाटे फेटे बांधून रस्त्यावर. पहिले तीन दिवस डोळे चुरचुरतात, दुपारी वर्गात डुलक्या. मग चौथ्या-पाचव्या दिवशी रात्री दहाला आपोआप जांभई येते आणि मोबाईल हातातून गळून पडतो. कुणी हिसकावलेला नसतो. पळणं, थकवा, मित्रांची वाट बघणारी नजर, आणि दौड चालू असतानाच सहा-वीसच्या सुमारास उगवणारा सूर्य. पण दसऱ्यानंतरचा सोमवार पाहा. पहाट सुटते, उजेड सुटतो, दहा दिवसांत गाडी पुन्हा एकवर. ज्यांना ती पहाट टिकवायची आहे त्यांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा त्याच वेळी घराबाहेर पडायचं, पळायला नाही तर चालायला. दोन-तीन मित्र मिळून ठरवलं तर टिकतं, एकट्याने फार कमी वेळा.

उद्यमबागेतल्या कारखान्यांत तिसऱ्या पाळीला जाणारे कामगार, आणि पंपाला थ्री फेज रात्री मिळते म्हणून उसाच्या सरीवर बसून मोबाईल बघणारे शेतकरी, यांना वरचं काही जसंच्या तसं लावू नका. त्यांचं जागरण ठेवणीचं नाही, कामाचं आहे. त्यांनी सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबर पूर्ण दिवसपाळीवर उडी मारण्याऐवजी अर्ध्या वाटेवर राहावं, पाळीवरून घरी येताना उन्हाचा गॉगल लावावा आणि झोपायची खोली काळ्या पडद्याने अंधारी करावी. गॉगल लावून डोळे मिटायला लागले तर मोटारसायकल चालवू नये, मागे बसून यावं.

चार-सहा आठवडे नेटाने करूनही झोप दोन-तीनच्या आधी येत नसेल, पण सुट्टीत उशिरा झोपून उशिरा उठलं की झोप छान होत असेल, तर झोपेचं घड्याळ मागे पडण्याचा विकार असू शकतो. त्याला डॉक्टर लागतो. मेलाटोनिनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. चुकीच्या वेळी घेतलेली गोळी घड्याळ उलट्या दिशेला नेते, आणि बहुतेक लोक ती झोपताना घेतात, जी घड्याळ हलवायची वेळच नव्हे. तलफेची लक्षणं दिसत असतील, किंवा रात्रीच्या जागरणाबरोबर उदासी, जीव नकोसा वाटणं असं काही असेल, तर थांबू नका. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 'शट' क्लिनिक २०१४ पासून चालू आहे. त्याहून जवळ धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था. घरून फोन करायचा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, फुकट, दिवसरात्र. जाताना चौदा दिवसांची ती वही बरोबर न्या, डॉक्टरांची पहिली पंधरा मिनिटं वाचतात.

एसएसएलसी (दहावी) आणि पीयूसीची (अकरावी-बारावी) मुलं हे वाचत असतील तर एक हिशेब त्यांच्यासाठी. परीक्षा सकाळी आणि मार्चच्या सुमारास. तेव्हा इथे सूर्य साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान उगवतो. घड्याळ दोन तास पुढे आणायचं म्हणजे पंधरा मिनिटांच्या आठ पायऱ्या, प्रत्येकी तीन दिवस, चोवीस दिवस. मध्ये लग्न, जत्रा, आजारपण यांत आठवडा जाणारच, तो धरून पाच आठवडे. म्हणजे वही संक्रांतीच्या आसपास सुरू करायची आणि पहिली पायरी जानेवारी संपता संपता. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात काहीही नवं करायचं नाही.